ताईचा डावा कौल

आमच्या बाबांना देवाला विचारल्याशिवाय काही करवत नसे. हा भित्रेपणा आहे असं मला लहानपणी वाटायचं, आता वाटत नाही. आईवडील गेलेले, थोरला भाऊ गावी, मुंबईत सल्ला विचारावा असं वडीलधारं कोणी नाही. अशा माणसाला मनातली गोष्ट कुणाच्या तरी कानावर घालावीशी वाटते. बाबा ती गावच्या देवाच्या कानावर घालत. वर्षभर प्रश्न साठवायचे आणि मे महिन्यात गावी गेलं की देवळात कौल लावायचा, ही घरची रीत. खोलीला पोटमाळा काढू का, आईच्या गुडघ्याला डॉक्टरचं औषध चालू ठेवू की वैद्याचं, असले साधेच प्रश्न असत. गुरव पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला पाण्याने तगरीच्या कळ्या चिकटवायचे, बाबांच्या वतीने लांबलचक गाऱ्हाणं घालायचे, आणि मग सगळे हात जोडून वाट बघत उभे राहायचे. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. नकार आला की विषय संपला. आमच्या घरात लोखंडी कपाट कधी आलं नाही, कारण त्याला डावी पडली होती. कपडे शेवटपर्यंत पत्र्याच्या ट्रंकेत राहिले आणि चाळीतले लोक हसत राहिले.

या हट्टामागे एक दुःख होतं. बाबांचा धाकटा भाऊ, आमचा नानाकाका, डावी पडलेली असताना गोदीत कामाला लागला होता. नोकरी बाबांनीच बघून दिली होती, आणि 'असल्या गोष्टी मुंबईत चालत नाहीत' असंही तेव्हा बाबाच म्हणाले होते. वर्ष व्हायच्या आत काका बोटीवरच्या फळीवरून घसरून गेला. मी त्याला पाहिलेलं नाही. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता आणि बाबा कामावर जाताना त्याच्याकडे बघत नसत, एवढंच मला आठवतं.

आम्ही मुलुंडला राहायचो, आग्रा रोडवरून आत, डोंगराच्या बाजूला, एका बैठ्या चाळीत. दोन खोल्या, वर पत्रे. डोंगरावरून माकडं उतरायची आणि पत्र्यांवर असा दणदणाट करायची की शेजारचं तान्हं मूल किंचाळत उठायचं. आजोबा गिरणीत होते, पण बाबा गिरणीत गेले नाहीत. आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात ते फिटर होते. त्यांच्या कारखान्याचा भोंगा आमचं घड्याळ. सकाळचा भोंगा झाला की आईच्या स्टोचा आवाज बंद व्हायचा आणि पाट्यावरचा सुरू व्हायचा. खोबरं, लाल मिरच्या, धणे, आणि बांगडा असेल तर वरून तिरफळं. ते वाटण वाटताना आईच्या बांगड्यांचा जो ठेका लागायचा तो मला अजून कानात ऐकू येतो. मासे नसतील त्या दिवशी कुळथाची पिठी, गरम भात आणि चुलीसारख्या धुरकट वासाचा भाजलेला सुका बांगडा. हल्ली मी एकटीपुरता मिक्सर लावते. वाटण दोन मिनिटांत होतं आणि त्याला काही चव नसते, किंवा माझीच चव गेली असेल.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण सुनंदा. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, काळीसावळी, लांब बोटांची. ती बाबांची लाडकी होती, आणि मला त्याचा कधी राग आला नाही, कारण मीही तिचीच लाडकी होते. बाबांच्या सुट्टीच्या दिवशी दोघं ओट्यावर जुना पंचा अंथरून बसत आणि चाळीतल्यांनी आणून टाकलेल्या बिघडलेल्या वस्तू उघडत. इस्त्री, स्टो, टेबलफॅन, एकदा तर हार्मोनियम. सुरुवातीला बाबा पकड आणि पाने हातात देत नावं सांगायचे. पुढे पुढे ताई हात पुढे करायची आणि बाबा निमूट पाना द्यायचे. शेजारच्या वहिनींचा रेडिओ दोन ठिकाणी दाखवून परत आला होता, तो ताईने बोलता केला, तेव्हा बाबा कारखान्यात जाऊन सगळ्यांना सांगून आले. "आमचां चेडू इंजिनेर होतलां," असं ते कुणालाही सांगत. चाळीत तेव्हा मुलगी मॅट्रिक झाली तरी पेढे वाटायचे, आणि हा माणूस इंजिनेर इंजिनेर करत फिरत होता.

ताईचा स्वभाव असा की ऐकलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास बसायचा नाही. भांडायची नाही, उलट उत्तर द्यायची नाही, फक्त करून बघायची. बाजूला बसलेल्या बाईने शिवलं तर लोणचं नासतं, हे आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं. एका वर्षी आईने कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या भरल्या. ताईने 'त्या' दिवसांत एका बरणीला हात लावला, झाकण उघडून चमचाही फिरवला, दुसरीला लावला नाही, आणि कुणाला काही बोलली नाही. दिवाळीला दोन्ही बरण्यांतलं लोणचं जेवून झाल्यावर तिने विचारलं, कुठलं जास्त चांगलं लागलं. आईने पहिल्या बरणीचं सांगितलं. मग ताईने खरं काय ते सांगितलं आणि आईने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. लोणचं मात्र फेकलं नाही, कैऱ्या महाग होत्या. बाबा तोंडावर पंचा धरून हसत होते.

निवृत्त झाल्यापासून मला शाळांतून बोलावतात, मुलींना विज्ञानाकडे वळवा म्हणून. मी चाळीस वर्षं दूरसंचारच्या यंत्रांत घालवली, त्यामुळे ओघाने ते आलंच. शाल, श्रीफळ, आणि मग कुणीतरी चुणचुणीत मुलगी उठून विचारते, तुम्हाला प्रेरणा कोणाची? मुख्याध्यापिकांना वाटतं मी एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव घेईन. मी म्हणते, माझ्या बहिणीची. ती कुठे होती, असं पुढे विचारतात. घरी होती, असं मी सांगते आणि टाळ्या वाजायच्या आत खाली बसते. लोणच्याची गोष्ट भर शाळेत सांगावी असं फार मनात येतं, पण अजून धीर झालेला नाही.

ताईच्या शाळेत शास्त्र शिकवायला सामंतबाई होत्या. पांढरं पातळ, गळ्यात घड्याळ, आवाज असा की मागच्या वर्गातली मुलंही ताठ बसत. परीक्षा संपल्या त्या आठवड्यात त्या स्वतः आमच्या चाळीत आल्या, आमच्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या आणि बाबांना म्हणाल्या की या मुलीला सरकारी तंत्रनिकेतनात घाला, पहिल्या फटक्यात जागा मिळेल, फॉर्म मी आणून देते. तीनशे मुलांत एखादी मुलगी असेल तर ही असू दे, असं काहीसं त्या बोलल्या. बाबांना काय करू न् काय नको असं झालं. त्यांनी आईला घावणे घालायला लावले, नारळाचा रस काढायला लावला, आणि बाई जायला निघाल्या तशी स्वतः आग्रा रोडपर्यंत पोचवून आले. परत आले ते गात होते. बाबांना गाता येत नसे.

त्यांच्या मनात पाठवायचं की नाही असा प्रश्नच नव्हता, हे लक्षात घेतलं पाहिजे. ते तिला पाठवणारच होते. फक्त मुलीच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट देवाला न सांगता कशी करायची? कपाटाचं विचारलं, पोटमाळ्याचं विचारलं, आणि हे न विचारता करायचं? आनंद झालेला माणूस पहिला पेढा देवापुढे ठेवतो, त्याच भावनेने ते विचारायला निघाले होते. उजवी पडणार याची त्यांना इतकी खात्री होती की गावी जाताना त्यांनी ताईसाठी नवी चप्पल घेतली, कॉलेजला लागेल म्हणून.

देवळात त्या दिवशी आम्ही सगळे होतो. बाबा, आई, गावचे मोठे काका, ताई आणि मी. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, त्यात ताईचं नाव आलं, 'लेकराक शिकाक धाडूचां मनात आसा' असं आलं. आम्ही हात जोडून उभे. बाबांच्या चेहऱ्यावर हसू होतं. डावीकडची कळी जवळजवळ लगेच सुटली आणि खाली पडली. उजवीकडची तशीच चिकटून राहिली. मग मोठे काका म्हणाले, देवाची मर्जी, आणि गुरवांनी तीर्थ दिलं. मी बाबांकडे पाहिलं. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, ते काढून ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

ताई बाबांकडे बघत नव्हती. ती पाषाणाकडे बघत होती. वर टांगलेल्या अभिषेकाच्या भांड्यातलं पाणी पाषाणाच्या माथ्यावर ठिबकत होतं आणि सगळं उजव्या अंगाने ओघळत होतं.

मुंबईला परतल्यावर घर मुकं झालं. बाबा भोंग्याला जायचे, भोंग्याला यायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. आई उगाच भांडी आपटायची. निकाल लागला, ताई शाळेत पहिली आली, आणि घरात पेढे आले नाहीत. सामंतबाईंनी आणून दिलेला फॉर्म देव्हाऱ्याजवळ पडून होता. भरून द्यायला थोडेच दिवस उरले होते, हे मलाही ठाऊक होतं, कारण ताई रोज कॅलेंडरापुढे उभी राहायची.

एका सुट्टीच्या दुपारी आई बाजारात गेली होती. ताईने पाटा मोरीत नेऊन धुतला आणि भिंतीला टेकवून उभा केला. चाळीच्या मागच्या तगरीच्या कळ्या तिने मला तोडून आणायला लावल्या. मग तिने बाबांना हाक मारली. बाबा आले, पाटा पाहिला, कळ्या पाहिल्या आणि त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते दारातच थांबले. तिने दोन्ही बाजूंना सारख्या कळ्या लावल्या आणि तांब्यातून एका बाजूने बारीक धार सोडली. कोरड्या बाजूची कळी पडली. मग पाटा पुसला, धार दुसऱ्या बाजूला सोडली. पुन्हा कोरड्या बाजूची पडली. पुन्हा केलं, तेच. बाबा फिटर होते. ते हळूहळू मोरीच्या कट्ट्यावर येऊन बसले, त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही बाजूंना एकेक कळी लावली, बोटाने दाबून पाहिली, तांब्या घेतला आणि धार सोडली. वाट बघताना दोघांची डोकी जवळ आली होती, ओट्यावर रेडिओ उघडताना येत तशी. कोरड्या बाजूचीच कळी पडली. मला वाटलं, झालं, ताई सुटली.

"तू म्हणतंस तां खरां आसा," बाबा म्हणाले.

"मग भरू फॉर्म?" ताईने विचारलं.

बाबांनी तांब्या खाली ठेवला. हात पंच्याला पुसले, पुन्हा पुसले. "खरां आसा. पण आता मी विचारून बसलंय, बाय. विचारूकच नको होतां. उद्या रस्त्यार तुका कायव झालां, तर पाणी खंयसून गळत होतां तां माका आठवाचां नाय. डावी पडलेली, तांच आठवतलां. नानाचां एक घेऊन मी जगतंय. दुसरां झेपाचां नाय माका."

ते रडत होते. मी बाबांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. ताई त्यांना वाकडं बोलली असती तर बरं झालं असतं असं मला आज वाटतं. वाकडं बोलायला समोर निदान चुकीचा माणूस हवा ना. तिच्यापुढे होता तो तिच्यावर जीव टाकणारा, तिचं म्हणणं पटलेला आणि तरीही पाय उचलू न शकणारा बाप. त्याच्याशी ती काय भांडणार? तिने भिंतीवरून पाटा उतरवला, आडवा ठेवला, कळ्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या. आई आल्यावर त्याच पाट्यावर तिने संध्याकाळचं वाटण वाटलं.

मी देवाला दोष देत नाही. पाणी उताराने जातं, त्यात देवाचं काय? देवळात मी अजूनही जाते, हात जोडते आणि काही न विचारता परत येते.

सामंतबाई पुन्हा एकदा आल्या. फॉर्म का भरला नाही, म्हणून चिडल्या होत्या. बाबा त्यांच्यापुढे मान खाली घालून उभे राहिले आणि 'घरची अडचण आहे' एवढंच म्हणाले. मुलींना न शिकवणाऱ्या बापांबद्दल बाईंनी जे जे ऐकवायचं ते ऐकवलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. खरं कारण सांगितलं असतं तर बाईंनी देवाला नावं ठेवली असती, आणि ते त्यांना चाललं नसतं. बाई गेल्यावर त्यांनी चहा मागितला आणि तो तसाच निवू दिला.

पुढे ताई अंधेरीला, परदेशी पाठवायचा माल बनवणाऱ्या वसाहतीत एका कंपनीत लागली. तिथे मुलींच्या रांगाच्या रांगा बसवून सर्किटांना सोल्डरिंगचे डाग देऊन घेत. ताईचे डाग एकदम स्वच्छ, सुपरवायझर खूश. हे सर्किट कशाचं आहे असं तिने एकदा विचारलं, तर तो म्हणाला, तुला काय करायचंय, तू डाग दे. घरी येऊन ती मला कागदावर सर्किट काढून दाखवायची आणि हे बहुतेक कशाचं असेल ते सांगायची. बोटांना भाजल्याचे बारीक ठिपके असायचे. मला जे काही पुढे समजलं, त्याचा पाया त्या कागदांवर आहे. दोन वर्षांनी नाहूरच्या बाजूचं स्थळ आलं. तेव्हा तिथे स्टेशन नव्हतं, सगळी शेतं आणि कारखान्यांच्या भिंती. बाबांनी विचारलं, उजवी पडली, लग्न झालं. भावोजी वाईट नव्हते. सालस, वेळेवर घरी येणारे. ताईने हातात पाना घेतलेला त्यांना आवडत नसे, एवढंच.

मग माझ्या शिक्षणाची वेळ आली. मी अकरावी-बारावी सायन्सला होते, मार्क बरे पडायचे, आणि मला इंजिनिअरिंगला जायचं होतं. त्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो. देवळात मी ताई उभी होती तिथेच उभी राहिले. बाबांनी घराच्या छपराचं विचारलं, मोठ्या काकांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारलं, विहिरीचं विचारलं. गुरव म्हणाले, अजून काय? बाबा म्हणाले, काय नाय. मला वाटलं विसरले. घरी येईपर्यंत मी आठवण करून दिली नाही, आणि जुलैमध्ये ते माझ्याबरोबर कॉलेजात आले, जिथे सांगितलं तिथे सही केली, आणि मला प्रवेश मिळाला.

त्या संध्याकाळी ताई माहेरी आली होती, मुलगा कडेवर. आईने तिसऱ्यांचं कालवण केलं होतं. ताईने मला जवळ घेतलं, माझे गाल दाबले, पोट भरून जेवली. माझ्यासाठी ती खरोखर आनंदली होती, त्यात तिळमात्र खोट नव्हती. जेवण झाल्यावर मुलाला मांडीवर थोपटत तिने सहज विचारलं, "बाबा, हिचा कौल उजवा पडला ना?"

बाबा सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला.

"विचारूक नाय," ते म्हणाले. "धीर होऊक नाय."

ताईचा थोपटणारा हातही थांबला. पत्र्यावरून माकड धावत गेलं तरी कुणी वर पाहिलं नाही.

"म्हणजे न विचारता पण चालत होतं," ताई म्हणाली.

आवाज चढला नव्हता. ती प्रश्नही विचारत नव्हती. बाबा त्यानंतर जगले तितकी वर्षं या गोष्टीवर एक अक्षर बोलले नाहीत. ताईने झोपलेलं मूल खांद्यावर घेतलं, आईने बांधून दिलेला कालवणाचा डबा पिशवीत घातला आणि नेहमीसारखी बाबांच्या पाया पडली. मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला निघाले. आग्रा रोडवर कारखाना सुटल्याची गर्दी होती. त्या गर्दीतून ती सबंध रस्ताभर रडत चालली, डोळेसुद्धा न पुसता, कारण एका हातात मूल आणि दुसऱ्यात पिशवी. मी पिशवी मागितली तर दिली नाही. बस आली. पायरीवर चढून तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, "पुस्तकं मिळाली ना गं, की आधी मला आणून दाखव. मी खराब नाही करणार."

कंडक्टरने घंटी मारली.